चाळीसवर आलं!

मेल्याचं दुःख नाही. रोज रात्री नऊच्या पुढं मी भरपूर मरतो आणि आता त्याचं काही वाटत नाही. दुःख आहे ते भिंतीआड पोचल्यावर मरण्याचं. समोरून बंदूकवाला येतो, मी पळ काढतो, भिंत गाठतो, तिच्याआड उभा राहून सुस्कारा सोडतो आणि मग आडवा होतो. मारणारा दिसत नाही, गोळी दिसत नाही. हेडफोनमधून गेममधला माझा साथीदार, कोथरूडचा मेव्हणा, विचारतो, "दाजी, उभे का राहिलात?"

"उभा कुठला? चांगला पळालो की!"

"आमच्याकडं तर तुम्ही मघापासून उभेच होता."

सिंगापूरला नोकरीला असलेला भाचा त्यात भर घालतो, "मामा, मला तर तू उलटा चालताना दिसलास."

माझं औषधाचं दुकान आहे, घर सांगलीच्या गावभागात. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, त्याचा कॉम्प्युटर मागं राहिला, कॉम्प्युटरात गेम राहिला, आणि शटर ओढून जेवणं उरकल्यावरचा वेळ माझा. माझ्या वयाची माणसं आमराईत फेऱ्या मारतात हे मला ठाऊक आहे, कारण बायको ते रोज सांगते. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या गावच्या माणसाला एंट्री-एक्झिट मागंपुढं झालेली खपत नाही. मरायचं तर वेळेवर मरावं, एवढीच माझी मागणी.

उलटं चालण्यामागं शास्त्र आहे. बटण दाबलं, निरोप सर्व्हरकडं, म्हणजे गेम चालवणाऱ्या लांबच्या मुख्य कॉम्प्युटरकडं गेला, तिथून मंजुरी आली आणि मग पाऊल पडलं, असा सरकारी कारभार ठेवला तर गेम कुणी खेळणारच नाही. म्हणून आपला कॉम्प्युटर मंजुरीची वाट न बघता आपल्याला पुढं नेऊन दाखवतो. १९९६ साली जॉन कारमॅक या प्रोग्रॅमरनं 'क्वेकवर्ल्ड' या गेममध्ये ही सोय आणली आणि तेव्हापासून खेळाडू गृहीत धरलेल्या जागेवर उभे असतात. निरोप वेळेत पोचले तर कुणाला काही कळत नाही. नाही पोचले, की सर्व्हर म्हणतो, "तू तिथं नाहीसच," आणि कॉलर धरून मागं आणतो. भिंतीआडच्या मरणाचा खटलाही त्याच कोर्टात चालतो. गोळी झाडली तेव्हा झाडणाऱ्याला मी कुठं दिसत होतो, हे सर्व्हर काळ मागं नेऊन बघतो आणि निकाल देतो. मी भिंतीआड पोचलेलो असतो, पण माझा भूतकाळ अजून रस्त्यावर असतो.

हे समजलं म्हणून मरायचं थांबत नाही. नेट पुरवणाऱ्याकडं तक्रार केली. एक पोरगा आला, चप्पल दारात काढून थेट विचारता झाला, "काका, राऊटर बंद करून चालू केलासा का?" केला होता. त्यानं पुन्हा केला. मग मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून माझ्यापुढं धरली. "ह्ये बघा. अठ्ठ्याण्णव! शंभरच्या प्लॅनला अठ्ठ्याण्णव मिळायलंय. आणि काय पाहिजे तुम्हाला?"

इथंच सगळं जग चुकतं. मला वेग नकोच आहे. गेमला शंभर एमबीपीएसच्या शंभराव्या हिश्शाइतकाही वेग लागत नाही. 'मी डावीकडं वळलो', 'मी गोळी झाडली', 'मी मेलो', यापलीकडं त्याला बोलायचं काय असतं? फक्त ते लगेच पोचलं पाहिजे, सारख्या अंतरानं पोचलं पाहिजे आणि वाटेत हरवता कामा नये. हरवलेलं पाकीट (निरोप ज्या तुकड्यांत जातो, त्यातला एक तुकडा) असले गेम सहसा पुन्हा मागवत बसत नाहीत, कारण ते येईस्तोवर लढाई पुढं गेलेली असते. सिनेमा बघणाऱ्याचं बरं असतं, त्याचा पुढचा थोडा सिनेमा आधीच उतरवून ठेवलेला असतो. लढाई उतरवून ठेवता येत नाही. हे मी त्या पोराला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तीनशेचा प्लॅन सुचवला.

मी औषधवाला. रोग कळल्याशिवाय गोळी देत नाही. (देतो, पण तो धंदा झाला.) तेव्हा स्वतःच नाडी बघायला बसलो. नाडी बघायचं यंत्र म्हणजे पिंग, समोरच्या यंत्राला हाक मारून ओ यायला किती वेळ लागतो ते मोजणारं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन गृहस्थानं नेटवर्कमधला घोळ शोधायला १९८३ च्या डिसेंबरात हा प्रोग्रॅम लिहिला, आणि तोही एका संध्याकाळी. आमच्याकडं एका संध्याकाळी कस्टमर केअरला फोन लागत नाही. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून मी टाईप करायला लागलो, तर मागून बायको घाबरून म्हणाली, "बँकेचं काही गेलं का?"

पिंगची रीत सोपी आहे. सुरुवात घरापासून करायची. आधी आपल्याच राऊटरला हाक मारायची, १९२.१६८.१.१. तो एक-दोन मिलिसेकंदांत ओ देतो का बघायचं. मग नेटवाल्याच्या पहिल्या यंत्राला आणि मग बाहेरच्या जगाला. जिथं उत्तर यायला उशीर व्हायला लागतो, दुखणं तिथलं. मी मनातून नेटवाल्याला आरोपी करून टाकलं होतं, पण घरातला राऊटरच ऐंशी-नव्वद मिलिसेकंदांनी ओ द्यायला लागला. मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर बसून!

राऊटर माळ्यावर का, याला इतिहास आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ते ओसरल्यावर आईनं घरात कायदा केला, की विजेची एकही वस्तू खाली दिसता कामा नये. मिक्सर फळीवर गेला, इन्व्हर्टर जिन्यात गेला, आणि राऊटरला वजन नसल्यामुळं तो थेट माळ्यावर पोचला. तिथं त्याच्या शेजारी आजीचे पितळी हंडे, तांब्याचा बंब आणि पत्र्याच्या ट्रंका. खाली कॉम्प्युटर, मध्ये दगडमातीची दोन फुटी भिंत. वाय-फायला धातूचं आणि जाड भिंतीचं वावडं. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल तर त्या भिंतीला हात लावून परत जातो. २.४ वाला कसाबसा पार होतो, पण त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. गल्लीतल्या झाडून सगळ्या राऊटरांनी सहा नंबर धरलेला. वर मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर. रात्री नऊला बायको त्यात दूध गरम करायची आणि इकडं माझा माणूस जागच्या जागी थिजायचा. मरण मारी बिस्किटाच्या दुधात होतं, आणि मी इतके दिवस सिंगापूरवर संशय घेत होतो.

उपाय एकच, वायर. वायरमन आला, कॅट-सिक्स केबल माळ्यावरून सरळ खाली सोडतो म्हणाला. सरळ खाली म्हणजे देवघराच्या वरून. आई म्हणाली, "देवांच्या डोक्यावरून वायर जाणार नाही." मग ती वायर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मधलं अंगण अशी प्रदक्षिणा घालून आली. वायरमनला वाईट वाटलं नाही, तो मीटरवर पैसे घेत होता.

त्या रात्री बाहेर पाऊस कोसळत होता. वायर खोचली, गेम लावला, वर कोपऱ्यात पिंगचा मिलिसेकंदांचा आकडा: चाळीस. हलेना. मी खुर्चीतून उठून ओरडलो, "चाळीसवर आलं! चाळीसवर आलं!"

आता, आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५. जुलै महिन्यात गावभागात 'चाळीसवर आलं' असं रात्री ओरडण्याचा अर्थ काय होतो, हे मेव्हण्याला कोथरूडमध्ये कळणार नाही. शेजारच्या काकूंनी तांदळाचं पोतं जिन्यावर चढवलं. समोरच्या घरातनं स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. कोपऱ्यावरचे आप्पा छत्री घेऊन दारात हजर. "कुणी सांगितलं? पाटबंधारेवाल्यांनी?" मी म्हटलं, "नाही, आप्पा, मुंबईच्या सर्व्हरनं." आप्पांनी मुंबईच्या सर्व्हरवर विश्वास ठेवला आणि काकूंना म्हणाले, "मुंबईपर्यंत बातमी गेली म्हणजे खरंच असणार."

पाणी त्या रात्री पंचवीस फुटांच्याही खाली होतं. काकू चार दिवस बोलल्या नाहीत.

काही रात्री आकडा अजूनही नव्वदच्या पुढं असायचा, पण त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री गेममधली आमची खेळायची खोली भाच्यानं उघडलेली असायची, म्हणजे सर्व्हर सिंगापूरचा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत चार हजारांच्या आसपास, जाऊन-येऊन आठ. म्हणजे चाळीस मिलिसेकंद तर नुसत्या भौतिकशास्त्राचे, त्यात केबल काही समुद्रातून नाकासमोर जात नाही. याची तक्रार कुठल्या टोल फ्री नंबरवर करणार? त्यापेक्षा खोली मेव्हण्यानं उघडायची असं ठरवलं. आता भाचा म्हणतो, "मामा, आज मला लॅग होतोय," आणि मी त्याला राऊटर बंद करून चालू करायला सांगतो.

खरा गुन्हेगार शेवटी सापडला. वायर आली, सर्व्हर मुंबईचा, राऊटर एका मिलिसेकंदात ओ देतोय, आणि तरी रोज नऊच्या ठोक्याला पिंग चाळीसवरून चारशेवर. दहाच्या सुमाराला परत चाळीस. नेटवाल्याचा पोरगा पॉवर मीटर घेऊन आला, तारेतला उजेड मोजला, मायनस एकोणीस. "एकदम ओके हाय, काका. मायनस सत्तावीसच्या पलीकडं गेलं तर मला बोलवा." आणि जाता जाता पुन्हा तीनशेचा प्लॅन.

मग घरातल्या एकेका मोबाइलचं वाय-फाय बंद करत गेलो. बायकोचा बंद, चारशेच. माझा बंद, चारशेच. आईचा बंद केला आणि आकडा धाडकन चाळीस.

आई गल्लीतल्या भजनी मंडळाची चित्रीकरण विभागाची प्रमुख आहे. हे पद तिनं स्वतःच निर्माण केलंय. संध्याकाळचं भजन सबंध, टाळांसकट, ती मोबाइलवर घेते आणि नऊ वाजता मोबाइल चार्जिंगला लावते. आणि मोबाइलला मुलगा जाताना सांगून गेलेला, की चार्जिंग आणि वाय-फाय दोन्ही असेल तेव्हा सगळे व्हिडिओ वर चढवून ठेव. आमच्या प्लॅनमध्ये खाली उतरवायचा वेग शंभर, वर चढवायचा दहा. भजन त्या दहाच्या दहावर बसायचं. राऊटर बिचारा मोठ्या मनाचा, कुणाला नाही म्हणत नाही, येईल ते पाकीट आत घेऊन रांगेत उभं करतो. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाच्या फाटकावर ट्रकांची रांग लागावी आणि शेवटच्या ट्रकमागं एक सायकलवाला नुसती चिठ्ठी द्यायला उभा असावा, तशी माझी 'गोळी झाडली' ही बातमी. जिम गेटिस या अभियंत्याला २०१० च्या सुमारास हाच रोग स्वतःच्या घरी सापडला आणि त्यानं त्याला बफरब्लोट म्हटलं. त्याच्या घरी भजनी मंडळ नसावं.

चांगल्या राऊटरात यावर सोय असते. वर चढवायचा वेग दहाऐवजी साडेआठवर बांधून टाकला आणि छोट्या पाकिटांना पुढं सोडलं, की रांगच लागत नाही. आमच्या राऊटरात ती सोय नव्हती आणि नवीन राऊटरचा विषय काढल्यावर बायकोनं न्हाणीघरातून गेलेल्या वायरीचा विषय काढला. राहिली वाटाघाट.

"आई, तो व्हिडिओ जरा उशिरा वर पाठवता येईल का? मला गेममध्ये अडचण होते."

"देवाचं नाव वर जाताना तुझ्या बंदुकीला अडचण होते?"

याला उत्तर नाही. मी तासभर तिला रांग, ट्रक, सायकल सगळं समजावलं. तिनं एवढंच विचारलं, की मग सायकलवाला दिवसा का येत नाही. अखेर बायकोनं मध्यस्थी केली आणि असं ठरलं, की आई मोबाइल साडेदहाला चार्जिंगला लावेल, आणि बदल्यात साडेदहाला गेम बंद करून मंडळाच्या व्हिडिओंना नावं आणि तारखा मी घालून देईन. हे चाललंय. फक्त श्रावणात करार लागू नाही, असं तिनं आत्ताच बजावून ठेवलंय. मंगळागौरीचे व्हिडिओ मोठे असतात.