शाजापूरची सीट कोणी पुसली नाही, आणि ती फक्त आपली कधीच नव्हती

गेल्या पंधरा दिवसांत इंदूरच्या तीन वेगवेगळ्या मराठी ग्रुपांवर मला एकच फॉरवर्ड आलंय, वर भगवा झेंडा, खाली हात जोडलेले, आणि मधे आपल्या मध्य प्रदेशातल्या शाजापूर लोकसभा मतदारसंघाचा "दडवलेला इतिहास". थोडक्यात म्हणणं असं: शाजापूर 1952 पासून जनसंघाचा, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचा, अभेद्य गड, काँग्रेस तिथे एकदाही जिंकली नाही. मराठी मतांच्या जोरावर तिथून बाबूराव पटेल आणि जगन्नाथराव जोशी लोकसभेत गेले. मराठी माणूस परत येऊ नये म्हणून काँग्रेसनं सीट राखीव केली. तरी जमेना, तेव्हा 2008 ला सीटच रद्द करून टाकली आणि देवास हे नाव लादलं.

टाकणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांचा मान राखूनच लिहितेय. पण माझी आत्या लग्न होऊन शाजापूरला गेली, माझ्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे गेल्यात, आणि त्या भागाबद्दल असं काहीही लिहिलेलं लोक "अभिमान आहे" म्हणून पुढे ढकलतात ते मला बघवत नाही.

आधी ते 1952 चं. त्या वर्षी जनसंघाच्या अख्ख्या देशात 3 सीटा आल्या, दोन बंगालात आणि एक राजस्थानात. मग शाजापूर कुठून आलं? तेव्हा आपला मध्य भारत वेगळा प्रांत होता आणि मतदारसंघाचं नाव होतं शाजापूर-राजगढ, तिथून काँग्रेसचे लीलाधर जोशी आणि भागू नंदू मालवीय असे दोघं निवडून आले. हे लीलाधर जोशी म्हणजे 1948 मधे मध्य भारत झाला तेव्हाचे पहिले मुख्यमंत्री, कोणी गल्लीतला माणूस नव्हे. 1957 ला पुन्हा काँग्रेसच, लीलाधर जोशी आणि कन्हैयालाल मालवीय.

आता एका सीटवर दोन खासदार कसे, हे ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं आणि कोणीतरी "टायपिंग मिस्टेक असेल" म्हणून मिटवलं. मिस्टेक नाहीये. पहिल्या दोन निवडणुकांत देशात बरेच मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, 1952 ला 86 आणि 1957 ला 91. मतदाराला दोन मतं असायची पण दोन्ही एकालाच देता येत नसत. तेव्हा आजच्यासारखी शिक्का मारायची पत्रिकाही नव्हती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह, काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाचा दिवा, आणि तुम्ही आपला कागद त्या पेटीत सोडायचा. मोजताना आधी अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं त्याला राखीव जागा, मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे तो दुसरा, मग तो कुठल्याही जातीचा असो. म्हणजे ब्राह्मण जोशी आणि दलित मालवीय यांना त्याच खेड्यांतल्या, त्याच मतदारांनी एकत्र निवडून पाठवलं होतं. फॉरवर्डमधे यातलं काहीच नाही, आणि मला तर या सीटच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

ही पद्धत बंद का झाली तेही सांगते, कारण त्याचा शाजापूरशी संबंध आहे. 1957 ला आंध्रात पार्वतीपुरमला व्ही. व्ही. गिरी उभे होते, तेच जे पुढे राष्ट्रपती झाले. तिथे राखीव जागा एक, पण मतांत पहिले दोन्ही उमेदवार अनुसूचित जमातीचे निघाले, दोघंही खासदार झाले आणि गिरी पडले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, कोर्टानं 1959 मधे सांगितलं की कायद्यानं हे बरोबरच आहे. त्यानंतर 1961 च्या कायद्यानं दोन सदस्यांचे मतदारसंघच संपवले. आणि मग 1962 च्या नकाशात शाजापूर हे नाव गेलं आणि देवास नावाची सीट आली, तिथून जनसंघाचे हुकुमचंद कछवाय जिंकले. काका, हे नीट बघा. जनसंघ या भागात पहिल्यांदा जिंकला तेव्हा सीटचं नाव देवास होतं. "देवास हे 2008 ला काँग्रेसनं लादलेलं नाव" ही गोष्ट इथेच संपते.

दुसरा मुद्दा, मराठी मतं. इथे मला सगळ्यात जास्त त्रास झाला. 1967 ला शाजापूर नाव परत आलं आणि जनसंघाकडून बाबूराव पटेल जिंकले, 1971 ला जगन्नाथराव जोशी, हे दोन्ही खरं. पण बाबूराव मुंबईचे, सिनेमाच्या मासिकाचे गाजलेले संपादक, आणि जगन्नाथराव कर्नाटकातल्या नरगुंदचे, संघाचे प्रचारक, 1955 च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेले. दोघांपैकी एकही माळव्यातला मराठी नाही, दोघांना पक्षानं बाहेरून आणून उभं केलं होतं.

आणि मतं कोणाची? शाजापूर, शुजालपूर, आगर हा सगळा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानचा मुलूख, देवासला पवारांच्या दोन पात्या, म्हणजे थोरली आणि धाकटी गादी, म्हणून कचेऱ्यांत, शाळांत, वकिलीत मराठी घरं होती आणि आहेत. आत्याच्या सासरचेही त्यातलेच. पण ती घरं बोटांवर मोजण्यासारखी. दसऱ्याला सोनं वाटायला निघालं तर दीड तासात सगळी घरं होतात, हे मी स्वतः केलंय. लोकसभेची सीट जिंकायला लाखांत मतं लागतात, ती खाती, पाटीदार, बलाई, सोंधिया, राजपूत अशा माळवी बोलणाऱ्या खेड्यांतून येतात. त्या लोकांनी जोशींना मत दिलं आणि आपण म्हणतो "आपल्या मतांवर", हे त्यांचं मत ढापणंच झालं.

मग जनसंघ का जिंकला? मला वाटतं 1967 चं मोठं कारण राजमाता. विजयाराजे शिंदे त्या वर्षी काँग्रेस सोडून बाहेर पडल्या, लोकसभेला गुन्यातून "स्वतंत्र पक्ष" नावाच्या पक्षाकडून आणि विधानसभेला करेऱ्यातून जनसंघाकडून उभ्या राहिल्या, आणि जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या खेड्यापाड्यांत महालाचा शब्द तेव्हा केवढा चालायचा ते आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्याच वर्षी जुलैत मध्य प्रदेशातलं काँग्रेसच्या द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं तेही त्यांच्याच खेळीनं. त्याच्या जोडीला गावोगाव सायकलवर फिरणारे संघाचे स्थानिक कार्यकर्ते. 1971 ला इंदिरा गांधींच्या लाटेत जनसंघ देशभरात 35 वरून 22 वर आला तरी शाजापूर टिकलं, ते या माणसांमुळे. याचं श्रेय द्यायचंच तर त्यांना द्या.

मराठी नेतृत्वाचाच अभिमान हवा असेल तर खरी उदाहरणं आहेत की, 1952 ला हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना दोन्हीकडून जिंकले होते, 1980 ला जनता पक्ष सगळीकडे आपटला तेव्हा ग्वाल्हेरला ना. कृ. शेजवलकर आले. खोटं कशाला जोडायचं?

राखीव करण्याबद्दल मी स्पष्टच बोलते, कारण त्या ओळीच्या मागे जे आहे ते मला आवडलेलं नाही. 1967 आणि 1971 ला सीट खुली होती, 1977 पासून ती अनुसूचित जातीसाठी राखीव झाली, 1971 च्या जनगणनेवर झालेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत. नियम असा आहे की राज्याच्या वेगवेगळ्या भागांत, आणि जिथे अनुसूचित जातीची लोकसंख्या तुलनेनं जास्त तिथे या जागा ठेवायच्या. शाजापूर जिल्ह्यात हे लोक पाचव्या हिश्शाहून जास्त आहेत. शेजारचं उज्जैन त्याच कारणानं आधीच राखीव होतं. यात मराठी माणसाला अडवण्याचा प्रश्न आला कुठून? आणि जनसंघाला अडवायचं होतं म्हणाल तर 1977 ला राखीव सीटवर जनता पक्षातून त्यांचेच फूलचंद वर्मा आले, मग 1980, 1989, 1991 लाही तेच. म्हणजे ज्या पक्षाविरुद्ध कट झाला म्हणता तोच पक्ष जिंकत राहिला. त्या खेड्यांतल्या दलित माणसाला आपला खासदार मिळाला याला कोणी "आपली सीट गेली" म्हणत असेल तर मला त्यांच्याशी वाद घालायचाच नाहीये, वाईट वाटतं एवढंच.

"काँग्रेस एकदाही नाही" हेही तसंच. 1952, 1957 वर आलंच, शिवाय 1984 ला बापूलाल मालवीय काँग्रेसकडून जिंकले. त्या वर्षी इंदिराजींची हत्या झाली होती आणि भाजपच्या देशात 2 जागा आल्या होत्या. मग 1996 ते 2004 सलग चार वेळा भाजपचे थावरचंद गेहलोत. गड म्हणा, मीही म्हणते, पण अभेद्य नका म्हणू.

आता 2008. पुनर्रचनेचा कायदा 2002 चा, तेव्हा पंतप्रधान कोण होते? अटलजी. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग त्याच वर्षी बसला. 2001 ची जनगणना आधार धरायची हेही 2003 मधे, अटलजींच्याच काळात ठरलं. नवा नकाशा लागू झाला फेब्रुवारी 2008 मधे, तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंग होते, बस, फॉरवर्डवाल्यानं एवढंच पकडलं. मध्य प्रदेशच्या जागा आधीही 29, नंतरही 29.

आणि रद्द काय झालं? आजच्या देवास लोकसभेत शाजापूर, शुजालपूर, कालापीपल, आगर, आष्टा, सोनकच्छ, हाटपिपल्या आणि देवास या आठ विधानसभा आहेत. शाजापूरचं नाव गेलं, शाजापूरचा मतदार गेला नाही, आणि सीट राखीवच राहिली. झाबुआची सीट तेव्हाच रतलाम नावाची झाली, तसंच हे. खरोखर संपलेली सीट बघायची तर सिवनी बघा, तिचा भाग मंडला आणि बालाघाटमधे वाटला गेला. आत्यानं 2004 ला शाजापूरचा खासदार निवडायला मत दिलं आणि 2009 ला देवासचा, त्याच शाळेत, त्याच खोलीत, मधे तिच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

हां, 2009 ला गेहलोत पडले आणि काँग्रेसचे सज्जनसिंह वर्मा आले, यावरून "बघा, डाव होता" म्हणतात. डाव असता तर एका निवडणुकीतच संपला म्हणायचा, कारण 2014 ला मनोहर ऊंटवाल, 2019 आणि 2024 ला महेंद्रसिंह सोलंकी, तिन्ही वेळा भाजप. 2019 ला तर समोर काँग्रेसकडून प्रह्लाद टिपानिया होते, माळवीतून कबीर गाणारे, ज्यांची भजनं त्या खेड्यांत घरोघरी लागतात, तरीही ते हरले. लोक गाणं एकाचं ऐकतात आणि मत दुसऱ्याला देतात, त्यांचं त्यांना कळतं.

त्या फॉरवर्डवाल्याला अभिमानानं सांगण्यासारखं काही हवंच असेल तर हे लिहा की: कर्नाटकातल्या नरगुंदचा माणूस 1971 ला शाजापूरच्या खेडुतांनी आपला म्हणून लोकसभेत पाठवला, आणि पन्नास वर्षांनी, 2021 मधे, त्याच शाजापूरचे चार वेळचे खासदार गेहलोत कर्नाटकाचे राज्यपाल म्हणून गेले. हे खरं आहे, आणि ग्रुपवर टाकायला मी स्वतः सुरुवात करतेय.