मुलांना बोल लावण्याआधी वाचनालयाकडे बघा

दर १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते, की आजकालची मुलं वाचत नाहीत, सगळी मोबाईलमधे, मराठी वाचक संपला. २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही हेच, २०२५ ला तिसऱ्या भाषेवरून एवढं रण पेटलं तेव्हाही हेच. मी इंग्लंडमधे लेस्टरला राहते, लहानपणापासून पुस्तकाशिवाय मला करमत नाही, आणि म्हणूनच हे मुलांवर खापर फोडणं मला अजिबात पटत नाही.

इथल्या मुलांकडे मोबाईल नाहीत का? आहेत की. पण लायब्ररीचं कार्ड फुकट आहे, डिपॉझिट नाही, तान्ह्या बाळाचंही काढता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत समर रीडिंग चॅलेंज असतं, १९९९ पासून चालू आहे, मुलांनी सहा पुस्तकं वाचायची, माझी मुलगी एकेक वाचून गेली की काउंटरवरची बाई तिला विचारते काय आवडलं, स्टिकर देते, सहा झाली की मेडल. त्या बाईचं ते कामच आहे आणि त्याचा तिला पगार मिळतो, माझ्या मते सगळं इथेच येऊन थांबतं.

आता इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. १९६४ च्या कायद्याने लायब्ररी चालवणं कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेवर, बंधनकारक आहे, तरी २०१० नंतर पैसे नाहीत म्हणून शेकडो लायब्रऱ्या बंद झाल्या, कितीतरी आता गावातले निवृत्त लोक फुकट राबून चालवतात. पण लोक भांडले. ग्लॉस्टरशर आणि सॉमरसेटमधली माणसं थेट हायकोर्टात गेली आणि २०११ ला समानतेच्या कायद्याच्या मुद्द्यावर जिंकली, कौन्सिलची कपात बेकायदा ठरली. लायब्ररीसाठी कोर्टात जाणारी माणसं! मला फार भारी वाटलं होतं ते वाचून.

आपल्याकडे प्रेम कमी आहे का तर नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, पुण्याचं १८४८ चं, लोकांनी वर्गण्या काढून उभं केलेलं हे सगळं. मी सांगलीची, २०१९ च्या पुरात आमच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली, त्याचे फोटो मी इथे बसून बघत होते आणि रडत होते, कारण माझं अर्धं बालपण त्या कपाटांपाशी गेलंय. आणि इथे माझ्या लायब्ररीत गुजराती, पंजाबी पुस्तकं आहेत, मराठी नाही, त्यामुळे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पुस्तकांची पेटी परदेशातसुद्धा जाते हे कळलं तेव्हा कोण आनंद झाला!

मग अडतं कुठे, तर पैशात. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा, पण त्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के उपकर आहे, केरळातही उपकर आहे, गोव्यात १९९३ च्या कायद्याने तो चक्क दारू-बिअरवर लावलाय. आपली गावोगावची वाचनालयं मात्र सरकारी अनुदानावर, ते मध्यंतरी ६० टक्क्यांनी वाढवलं तरी खेड्यातल्या ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला घर चालेल एवढा पगार मिळत नाही, त्यातच भाडं, लाईटबिल, वर्तमानपत्रं, आणि उरलं तर पुस्तकं. तो माणूस दुसरीकडे कुठेतरी नोकरी करून जमेल तेव्हा दार उघडतो, त्याला कोण नावं ठेवणार. मुलं शाळा-क्लासमधून सुटतात तेव्हा कुलूप असतं. जिथे उघडं असतं तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसलेली, त्यांनाही जागा हवीच, पण सात वर्षाच्या पोरीने गोष्टीचं पुस्तक चाळायला बसायचं कुठे?

ज्या मुलाने कधी उघडं वाचनालयच बघितलं नाही त्याला वाचत नाहीस म्हणून रागावणं मला अन्यायाचं वाटतं, स्पष्ट सांगते. भाषेसाठी मोर्चे निघतात तर ह्या उपकरासाठीही एक निघू दे, आणि येणारा पैसा आधी ग्रंथपालाच्या पगारात जाऊ दे म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ दार उघडं राहील. सांगलीत आमचं घर अजून आहे, घरपट्टी मीच भरते. वाचनालयासाठी त्यात शंभर-दोनशे रुपये वाढले तर मी आनंदाने भरीन, ग्रुपवरच्या सगळ्यांनाही माझं हेच विचारणं आहे की तुम्ही भराल का.