केळशीची पुळण, वारा आणि रुतलेली गाडी: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीच्या आमच्या निवासाला तुम्ही दोन तारे दिलेत, पण कारणं सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तक्रारी थोडक्यात अशा: शनिवारी दुपारी साडेतीनला वाळूच्या टेकडीपाशी गेलात तर वाऱ्याने बसू दिलं नाही आणि भेळेत वाळू गेली. गाडी रुतली, ती काढायला ट्रॅक्टरवाल्याने १५०० रुपये घेतले. मुलांना टेकडीवरून घसरू दिलं नाही. अख्ख्या किनाऱ्यावर चहाची टपरी नाही. रात्री अंगणातले दिवे आम्ही मालवले. आणि ‘किनारा पाच मिनिटांवर’ ही जाहिरात खोटी.

शेवटची तक्रार आधी घेतो, कारण ती रास्त आहे. आमच्या फाटकातून निघून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, पाय ठेवायला पाचच मिनिटं लागतात. पण पाहुणे ज्या टेकडीसाठी केळशीला येतात ती पुळणीच्या उत्तर टोकाला, भारजा खाडीच्या मुखाजवळ आहे. तिथपर्यंत वाळूतून चालायला अर्धा तास, मुलं बरोबर असली तर पाऊण तास. फोटो टेकडीचा आणि मिनिटं पुळणीची, ही आमची चूक. मजकूर बदलला आहे.

दुसरी चूकही आमचीच, आणि तुमच्या निम्म्या तक्रारी तिच्यातून निघाल्या आहेत. ही पुळण हॉटेलच्या घड्याळावर चालत नाही, भरती आणि वाऱ्याच्या वेळांवर चालते. तुम्ही निघालात त्या वेळी दोन्ही तुमच्या विरुद्ध होती, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

तो दिवस चतुर्थीचा होता. इकडे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: पक्ष कुठलाही असो, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या तासाला भरती पूर्ण. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण टेकडीवर सकाळी जायचं की संध्याकाळी एवढं ठरवायला हा हिशेब पुरतो. तुम्ही साडेतीनला पोचलात तेव्हा पाणी जवळजवळ सगळं वर आलेलं होतं. चालायला सोपी अशी ओली, घट्ट वाळू पाण्याखाली, आणि उरलेली पट्टी सगळी कोरडी आणि भुसभुशीत.

वाऱ्याचंही तसंच. फेब्रुवारीत सकाळी नऊपर्यंत जमिनीकडून मतलई वारा असतो, तो जेमतेम जाणवतो. अकराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दोन ते पाच त्याचा जोर सर्वांत जास्त, सूर्य बुडाल्यावर उतरतो. या दिवसांत तो वायव्येकडून येतो, म्हणजे पुळणीवर तिरपा. कोरडी वाळू साधारण ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्याला उडायला लागते. ओली वाळू त्याच वाऱ्यात जागची हलत नाही, कारण पाणी कणांना धरून ठेवतं. उडणारी बहुतेक वाळू गुडघ्याच्या खालून उड्या मारत जाते. म्हणूनच उभ्या माणसाच्या फक्त पिंढऱ्यांना ती टोचते, आणि चटई टाकून बसलेल्या माणसाच्या थेट तोंडात आणि ताटलीत जाते. भेळेचं तेच झालं.

खायचंच असेल तर टेकडीच्या आग्नेय अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला जावं. पण माथ्याच्या अगदी पायथ्याशी नको. माथ्यावरून उडालेली वाळू नेमकी तिथेच पडते. पायथ्यापासून आठ-दहा पावलं सोडून, सुरूच्या झाडांकडे सरकून बसलं की ताटलीत वाळू येत नाही. छत्री आणू नये, उलटते. टोपी दोरीची हवी. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा, आणि चष्म्याची काच कोरडी पुसू नये; आधी पाण्याने वाळू उतरवावी, नाहीतर चरे पडतात. कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नये. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी. इथल्या वाळूत काळे, जड खनिजांचे कण मिसळलेले आहेत, दुपारी ती पाय भाजेल एवढी तापते आणि साध्या स्लिपरा रुतून निघतात.

आता गाडी. किनाऱ्यावर गाडी घालू नका, अशी पाटी आमच्या फाटकावर आहे, पण ती आतल्या बाजूला होती. बाहेर जाताना दिसत नव्हती, हे मान्य. आता रस्त्याच्या तोंडाशी लावली आहे. १५०० रुपये आम्ही घेतलेले नाहीत आणि आमचा त्यात वाटा नाही. मात्र भरतीच्या वेळी रुतलेली गाडी काढायची म्हणजे ट्रॅक्टर खाऱ्या पाण्याच्या कडेला उतरवावा लागतो, नंतर तो सगळा गोड्या पाण्याने धुवावा लागतो. त्या मानाने मला ही रक्कम लूट वाटत नाही.

गाडी का रुतली, तेही सांगतो. कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांचा धरबंध नसतो. टायरमध्ये ३२-३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असली की तो खाली अरुंद जागेवर टेकतो आणि सुरीसारखा आत जातो. तुम्ही एक्सलेटर दाबलात तसा टायर जागच्या जागी फिरून स्वतःचाच खड्डा खणत गेला, आणि गाडीचं पोट वाळूवर टेकलं. पोट टेकलं की चाकं कितीही फिरवा, वजन चाकांवर नसतंच. खाडीच्या तोंडाजवळ उलटा धोका असतो. तिथली वाळू वरून ओली, घट्ट दिसते, पण खाली पाण्याने भरलेली असते. उभी गाडी तिथे आपोआप खचते.

कुणाची गाडी कुठल्याही वाळूत रुतली तर क्रम असा. पहिल्यांदा चाक जागेवर फिरलं की तिथेच थांबायचं. सगळ्यांनी उतरायचं. चारही चाकांच्या पुढची आणि मागची वाळू हाताने किंवा फावड्याने काढून उतार करायचा, पोटाखालचीही मोकळी करायची. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो. चालवणाऱ्या चाकांखाली पायपुसणी किंवा झावळ्या सरकवायच्या. स्टिअरिंग सरळ ठेवून, आलो त्याच चाकोरीतून हळू मागे यायचं. ती वाळू आधीच दाबलेली असते. डांबरावर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. आणि पाणी चढत असेल तर हे सगळं सोडून लगेच ट्रॅक्टर बोलवायचा. इतक्या सपाट पुळणीवर पाणी अर्धा मीटर चढलं तरी ते वीसेक मीटर आत येतं, आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत ते सर्वांत वेगाने चढतं.

तुमच्या गाडीच्या चाकांना लाट लागली होती, म्हणून एक आगाऊ सल्ला: गाडी अजून रॅम्पवर चढवून खालून धुतली नसेल तर या आठवड्यात धुऊन घ्या. ब्रेकच्या आतल्या बाजूला मीठ राहिलं की गंज महिनाभराने दिसतो.

मुलांना टेकडीवरून घसरू न देण्याबद्दल मात्र माफी मागणार नाही. आमचा माणूस ओरडून बोलला असेल तर त्या सुराबद्दल मागतो. ही टेकडी पाच मजली इमारतीएवढी उंच आहे आणि तिला धरून ठेवणारं काही असेल तर वरचा झाडोरा. आपट्यासारख्या पानांची, जांभळ्या फुलांची वेल तुम्ही पाहिली असेल. ती मर्यादवेल. उडत्या वाळूला अडवून ती स्वतःभोवती बसवते, वाळू चढली की वेलही वर चढते. घसरगुंडीने तिची मुळं एकदा उघडी पडली की त्या खाचेत वारा शिरतो आणि खाच दरवर्षी रुंदावते. शिवाय कोरडी वाळू साधारण ३२-३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर टिकत नाही. त्याहून उभा दिसणारा कडा केवळ ओलाव्यावर किंवा मुळांवर उभा असतो, आणि त्यात मुलांनी गुहा खणली तर ती न सांगता बसते. तुमची मुलं नेमकी तिथे खणत होती. वाळूखाली पुरलेलं मूल हाताने उपसून काढेपर्यंत फार उशीर होतो.

तिसरं कारण टेकडीच्या पोटात आहे. तिच्या थरांत जुनी खापरं, नाणी मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती १५२४ सालच्या त्सुनामीशी जोडली. ती वाऱ्यानेच साठली असंही म्हणणारे आहेत. कोण बरोबर ते ठरायचं तर थर जागेवर राहायला हवेत. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांतही वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. दक्षिणेकडून एक मळलेली पायवाट वर जाते. तिच्यावरून चढा, माथ्यावर हवा तितका वेळ उभे राहा, त्याच वाटेने उतरा. एवढ्याला कुणी अडवणार नाही.

दिवे. नोव्हेंबर ते मार्च या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात आणि उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालतात. समुद्राऐवजी आमचं अंगण उजळ दिसलं तर ती आमच्याकडे येतात आणि वाटेत कुत्र्याच्या, कावळ्याच्या तोंडी जातात. म्हणून समुद्राकडचे दिवे नऊनंतर बंद. जिन्यावर झाकलेला तांबडा दिवा असतो, आणि खोलीत बॅटरी ठेवतो. तुमच्या खोलीतल्या बॅटरीचे सेल संपले होते, ते आम्ही बघायला हवं होतं. रात्री किनाऱ्यावर गाडी नको, याचंही मोठं कारण हेच. घरटं वरून दिसत नाही.

टपरी नाही, आणि मला ती हवीही नाही. थर्मासमध्ये चहा भरून देतो, आदल्या रात्री सांगा. पाणी माणशी एक लिटर घेऊन निघा, वाटेत मिळत नाही.

जीवरक्षक नसल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. खाडीच्या तोंडाशी पोहू नये, कधीच. भरती उतरायला लागली की दुसऱ्या ते चौथ्या तासात खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्रात धावतं. कमरेएवढ्या पाण्यातल्या माणसाचेही पाय ते सोडवतं. डुंबायचं तर पुळणीच्या मध्यावर, गुडघाभर, आणि भरती चढत असताना. पावसाळ्यात तेही नाही.

तुमच्यासाठी खरी वेळ होती रविवारी सकाळची. पंचमी, म्हणजे ओहोटी साडेनऊच्या आसपास. साडेसातला निघाला असतात तर अख्खी पुळण कडक, ओली, वारा नावाला, आणि टेकडीवर आदल्या दुपारच्या वाऱ्याने काढलेल्या रेघा कुणी न मोडलेल्या. पण आम्ही खोली दहाला रिकामी करायला सांगतो, मग पाहुणे सकाळी सामान बांधत बसतात. हा नियम बदलला: आता खोली बाराला सोडायची. येण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर संदेशाने पाठवू, आणि दाराशी फळ्यावरही लिहू. शनिवारचं जेवण ट्रॅक्टरच्या गडबडीत तुम्हाला मिळालं नाही, तरी बिलात लागलं. चार ताटांचे पैसे तुम्ही ज्या खात्यातून भरलेत त्यावरच परत केले आहेत.

मुलाचा चष्म्याचा डबा खाटेखाली सापडला. आत चष्मा नाही, तो तुमच्याकडे असेल अशी आशा आहे. कुरिअरने पाठवतो, पत्ता इथे लिहू नका, फोन करा.