म्हैसमाळ ज्वालामुखी नाहीये, तो फॉरवर्ड थांबवा

दोन दिवसांपासून आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय की वेरूळजवळचा म्हैसमाळचा डोंगर हा झोपलेला ज्वालामुखी आहे, पहाटे त्याच्या तोंडावर उभं राहून सूर्योदय बघा, आतून अजून वाफ निघते म्हणे. हे चूक आहे. ती वाफ नाही, पावसाळ्यातलं धुकं आहे, आणि तोंडबिंड तिथं काहीच नाही, सपाट पठार आहे.

आता यात खरं काय, तर दगड लाव्हाचाच आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला, इंडोनेशियात बाली बेटावरच्या बातूर ज्वालामुखीसारखा एकच डोंगर फुटला असं नाही झालं. नंतर पाण्यानं झीज होऊन जे उरलं ते आपले डोंगर. घाटात रस्त्यासाठी कापलेली कड नीट बघा, काळ्या दगडाच्या दोन थरांमधी कुठं कुठं विटकरी लाल पट्टा दिसतो, म्हणजे एक लाव्हा थंड होऊन त्याच्यावर माती तयार झाली आन् मग दुसरा आला. वेरूळची लेणी याच दगडात कोरलीत, मला तर हे त्या खोट्या वाफेपेक्षा कितीतरी भारी वाटतं. लोणारही ज्वालामुखी नाही, ते उल्कापातानं झालंय.

भारतात जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे.

सूर्योदयाला म्हैसमाळला जरूर जा, गाडी वरपर्यंत जाते, फक्त धुक्यात कड्याच्या टोकावर सेल्फीला पोरांना उभं करू नका.