गेमबॉयची ती हिरवट स्क्रीन बदलू नका

परवा माझा जुना गेमबॉय, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचं हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, घेऊन इंदूरच्या जेल रोडवरच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या होत्या, दहा-बारा तरी, आणि त्या पट्ट्यांत चित्र उमटतच नव्हतं. दुकानातल्या पोराने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भिया, ये डिस्प्ले निकाल दो. नया मंगवा देता हूँ, अंदर से लाइट वाला. एकदम चकाचक दिखेगा." पोरगा भला होता आणि त्याच्या परीने बरोबरच सांगत होता. तसे किट मिळतात, जगभरचे हौशी लोक ते बसवतात. मी नको म्हटलं. घरी आल्यावर पुतण्याने विचारलं, "काका, का नाही?" त्याला तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

हा गेमबॉय मामाने मस्कतहून आणला, मी चौथीत होतो तेव्हा. सोबत दोनच कॅसेट. एक टेट्रिस, ती आईने आणि मावशीने बळकावली. दुसरी सोलर स्ट्रायकर, निन्टेन्डोचीच, 1990 सालची. खाली आपलं एक छोटं विमान, वरून शत्रू उतरतात, पी लिहिलेले तुकडे गोळा केले की आपल्या गोळ्यांचा जोर वाढतो, आणि लेव्हलच्या शेवटी एक मोठं धूड. एवढाच खेळ. दादा आणि मी वाटून खेळायचो. माझं विमान पडलं की गेमबॉय त्याच्या हातात, त्याचं पडलं की माझ्या. मध्ये पॉझ करून ढापाढापी चालायची नाही, हा नियम दादाचा.

त्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही. खेळायचं तर उजेड शोधावा लागतो. रामबागेतल्या आमच्या घरात दुपारी दोननंतर फक्त जिन्याच्या खिडकीत नीट दिसायचं आणि थंडीत गच्चीवर. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून उन्हात बसायचो, स्क्रीन थोडी तिरकी धरायची, डाव्या अंगाची कॉन्ट्रास्टची चकती अंगठ्याने जराशी फिरवायची, आणि मग ते हिरवट-पिवळं पाणी साफ झाल्यासारखं विमान दिसायला लागायचं. आई खालून ओरडायची, उन्हात बसून डोळे फोडून घ्या. चार पेन्सिल सेल लागायचे. लाल दिवा मंद झाला की सेल काढून कठड्यावर उन्हात ठेवायचे, अर्ध्या तासाने परत घालायचे. दहा मिनिटं तरी मिळायचीच.

आता मुद्द्याचं. गेमबॉय 1989 साली आला. स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची आणि रंगाच्या छटा फक्त चार. त्याच साली अटारी लिंक्स नावाचं यंत्र रंगीत आणि आतून उजळलेल्या स्क्रीनचं होतं, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअरही तसाच आला. पण दोन्हींना सहा-सहा सेल, आणि तेही काही तासांत खलास. गेमबॉयच्या मागे होते गुनपेई योकोई. 1965 साली ते निन्टेन्डोत कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला लागले होते. त्यांचं म्हणणं असं की जुनं, स्वस्त, हात बसलेलं तंत्र घ्या आणि त्याला नव्या कामाला लावा. ही मंद स्क्रीन म्हणजे नाइलाज नव्हता. त्यांनी ती समजून-उमजून निवडली होती, आणि तिच्यावर खेळणाऱ्यांसाठी खेळ बेतले गेले.

ती स्क्रीन सुस्त आहे. आधीचं चित्र पुसायला तिला वेळ लागतो, म्हणून हलणाऱ्या वस्तूमागे पुसट शेपूट राहतं. विमान झटक्यात डावीकडे नेलं की त्याची सावली क्षणभर मागेच रेंगाळते. शत्रूची गोळी तर काही ठिपक्यांचीच, ती धावताना अर्धी विरघळते. दादाने मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं, "गोळीकडे बघू नकोस, गोळी सोडणाऱ्याकडे बघ." म्हणजे शत्रू कुठे वळतोय ते हेरायचं आणि गोळी यायच्या आत जागा सोडायची. बोटांना ती सवय लागली की हा खेळ खेळता येतो.

पुतण्याला मी आधी हाच खेळ कॉम्प्युटरवर दिला होता. मोठी स्क्रीन, प्रत्येक ठिपका सुरीने कापल्यासारखा. दहा मिनिटांत तो म्हणाला, "काका, हा तर खूप स्लो आहे." बरोबर आहे त्याचं. सगळं इतकं लख्ख दिसत असताना तो खेळ संथच वाटणार. आमच्या गच्चीवर तो कधीच संथ नव्हता. त्याचा वेग त्या स्क्रीनच्या मापाने शिवलेला आहे, आणि स्क्रीन बदलली की कपडा ढगळ होतो.

आणखी एक गोष्ट. काही गेमबॉय खेळांत एखादी वस्तू एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर क्षणभर उमटणाऱ्या एका चित्रात, दाखवतात, पुढच्या फ्रेमला लपवतात. सेकंदाला सुमारे 60 फ्रेम. जुन्या स्क्रीनवर हे दोन्ही मिसळून राखाडी, आरपार दिसणारी सावली तयार होते. नव्या स्क्रीनवर तीच वस्तू नुसती फडफडते. करणाऱ्याला दाखवायची होती ती सावली, आणि चकाचक डिस्प्लेवर नेमकी तीच दिसत नाही.

मी नव्याच्या विरोधात नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांची जुनी स्क्रीन खरंच फुटली आहे, त्यांनी खुशाल बदलावी. पण रेघा आल्या म्हणून चांगली काच कचऱ्यात टाकू नये, हे मात्र मी अगदी पोटतिडकीने सांगतोय.

कारण त्या उभ्या रेघा बहुतेक वेळा काचेचा दोष नसतातच. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक चपटी रिबन चिकटवलेली असते, इतक्या वर्षांत तिची पकड सुटते. त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्याने लगेच काउंटरवर जागा केली. मागचे सहा स्क्रू काढले, आतली पाटी सोडवली, रिबनवरची रबराची पट्टी उचलली, आणि गेमबॉय चालू ठेवूनच सोल्डरिंगची कमी तापवलेली टोकदार इस्त्री रिबनवरून हलकेच फिरवली. एक रेघ भरली. मग शेजारची. मग एकदम तीन. शेजारच्या दुकानातले दोघं येऊन वाकून बघायला लागले. शेवटची रेघ, अगदी उजवीकडची, काही केल्या येईना. त्याने चौथ्यांदा इस्त्री फिरवली तेव्हा आली आणि तो स्वतःच ओरडला, "आ गई भिया!" पैसे घ्यायला तयार नव्हता, मी बळेच दिले.

रविवारी दादा आला होता. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. चष्मा कपाळावर सरकवून त्याने स्क्रीन डोळ्यांजवळ धरली, न विचारता जिन्याच्या खिडकीत जाऊन बसला आणि डाव्या अंगठ्याने ती चकती जराशी फिरवली. तिसऱ्या लेव्हलला त्याचं विमान पडलं. गेमबॉय त्याने माझ्यापुढे धरला.

इंदूरात कुणाच्या माळ्यावर असा रेघांचा गेमबॉय पडला असेल तर फेकू नका, स्क्रीनही बदलू नका. आत सेल राहिले असतील तर आधी ते काढा, गळलेला सेल आतल्या पट्ट्या खाऊन टाकतो. आणि मला मेसेज करा, मी तुमच्याबरोबर जेल रोडला येईन.