पुसू नका, बघू नका, सिलिकॉन थापा

तुमच्याकडे जुनी गाडी आहे आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरपाशी, म्हणजे स्पार्क प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्यापाशी, ऑइल गळतंय? मग पहिलं पथ्य: कुठून गळतंय ते अजिबात बघू नका. पार्किंगच्या ब्लॉकवर काळा डाग पडला, सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, फोटोखाली तुमचा फ्लॅट नंबर आला, की समजायचं, निदान झालं. इंजिन गेलं.

माझी १९९७ची मारुती आठशे आहे. गळती थेंबाथेंबाची. त्या थेंबापायी मी गेल्या महिन्यात तीन गॅरेजं पालथी घातली, आणि तिन्हीकडे मिळालेलं ज्ञान स्वतःपुरतं ठेवणं बरं नव्हे म्हणून हा लेख.

इंजिन पुसायचं नाही. इंजिनात ऑइल वरून खाली येतं, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग पाझरलं तरी ऑइल ओघळून डिस्ट्रिब्युटरवर येतं आणि डिस्ट्रिब्युटरची स्वतःची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, गेली तरी तो तसाच माखलेला दिसतो. फरक कळायला फडक्याला थोडं डिझेल लावून सगळं कोरडं करायचं, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं आणि टॉर्च मारून पहिला ओला पट्टा कुठे उमटतो ते बघायचं. पण यात गिऱ्हाइकाकडून पैसे कसले घेणार? त्यापेक्षा पॅकिंग बदला. पहिल्या गॅरेजने बदललं. गळती होती तिथेच. दुसऱ्याने बॉनेट उघडलं, लांबूनच मान हलवली आणि म्हणाला, "काका, हेड गॅस्केट आहे. इंजिन उतरवावं लागेल. पस्तीस हजार धरून चला." हात खिशातून बाहेर काढला नव्हता त्याने.

डिस्ट्रिब्युटरची कॅपही उघडू नका. आत कोरडं असेल तर बाहेरची ओ-रिंग गेली, आत ऑइल असेल तर शाफ्टचं, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याचं, सील गेलं, असं लगेच कळून येतं. मग चर्चेला काय उरणार?

आता सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवायची लुकण. तिसरं गॅरेज. तिथले उस्ताद डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. ते मुळात अमेरिकेत डेटनला १९०९ साली निघालेल्या एका कंपनीचं नाव, पण आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच हे. उस्ताद म्हणाले, "डेल्को गळतोय." मला इतका आनंद झाला! एक तरी माणूस बरोबर बोलला. पण लगेच काळ्या सिलिकॉनची ट्यूब निघाली. डिस्ट्रिब्युटर काढायचाही नाही, पुसायचाही नाही. बॉडी आणि हेड, म्हणजे इंजिनाचा माथा, यांच्यामधल्या फटीवर, ऑइल वाहत असतानाच, केकवर क्रीम काढतात तशी गोल वेलबुट्टी. "आता वीस वर्षं बघायला नको." वीस वर्षं! चौथ्या दिवशी पुन्हा डाग. अहो, ऑइलच्या थरावर सिलिकॉन धरतच नाही. आणि जिथे धरतं तिथे दाबलं गेलेलं आतल्या बाजूला येतं, त्याचा तुकडा सुटला की ऑइलबरोबर खाली इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये, तिथून ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर. चाळीस रुपयांच्या रबरासाठी इंजिनाचा घास अडवायचा! मी स्वतः डिस्ट्रिब्युटर काढला तेव्हा त्याच्याबरोबर बोटभर लांब काळी अळी लोंबत बाहेर आली. आणि तिच्याखाली, खाचेत, मूळची ओ-रिंग. तशीच. तिला कुणी हातही लावला नव्हता. गोल रबर चपटं झालेलं, नखाने उचकटायला गेलो तर बांगडीसारखी टिचली. अठ्ठावीस वर्षं इंजिनाच्या आचेला बसलेलं रबर कडक होणारच. यात गाडीचा काय दोष?

डिस्ट्रिब्युटर काढायची वेळ आलीच तर खूण करू नका. रोटर, म्हणजे कॅपखालचा फिरता काटा, कुठे तोंड करून आहे आणि बॉडी हेडवर कुठल्या कोनात बसलीय, याचे दोन ओरखडे काढायला अर्धं मिनिट लागतं. त्यापेक्षा 'टायमिंग कानावर लावतो' म्हणावं, म्हणजे ठिणगी पडायची वेळ नुसता आवाज ऐकून जुळवायची. ते कानावरचं टायमिंग कात्रजच्या घाटात तिसऱ्या गिअरला डब्यात खडे खुळखुळल्यासारखं वाजतं. ही वेळ तपासायचा दिवा, टायमिंग लाइट, कपाटात असतो. तो दसऱ्याला पुजायचा.

ओ-रिंग कोरडीच दाबून बसवा. बोटाने जरा ऑइल लावलं तर ती न पिळवटता जागेवर बसते, तो धोका नको.

आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला ऐका: "भंगारात का नाही काढत?"

शेवटी मी टिचलेल्या रिंगचे दोन तुकडे कागदात बांधून नाना पेठेत गेलो. दुकानदाराने ते काउंटरवर जुळवून ठेवले, व्हर्नियरने जाडी मोजली आणि विचारलं, "साधी वीस, व्हायटॉन चाळीस. पुन्हा यायचंय का?" उष्णता सोसते म्हणून मी व्हायटॉन घेतली. घरी येऊन खाच पुसली, रिंग बसवली, खुणा जुळवल्या, टायमिंग लाइट लावून तपासलं. दीड तास, त्यातला पाऊण सिलिकॉन खरवडण्यात. आज तीन आठवडे झाले, खाली पसरलेला पुठ्ठा कोरडा आहे.

म्हणजे पस्तीस हजारांचं काम चाळीस रुपयांत झालं, आणि मला याचा आनंद होत नाही, संताप येतो. लाज वाटत नाही का रे तुम्हाला? हातात पान्हा धरून वीस-वीस वर्षं झाली आणि एक फडकं फिरवून बघवत नाही? तिघांपैकी एकाने, एकाने तरी, बोट लावून बघितलं असतं! आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीही कमी नाही. मीही नाही. बॉनेट उघडलं की आपण चहा सांगून मोबाइलमध्ये तोंड खुपसतो आणि बिल आल्यावर तोंड वर काढतो. विचारा ना, "कुठून गळतंय ते दाखव." दाखवता येत नसेल तर बॉनेट लावा आणि गाडी घरी आणा. जुनं बनियन असेलच कपाटात. टॉर्च मोबाइलला आहे.