रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: सिलिकॉन का दिलं नाही

नमस्कार भाऊ,

एक स्टार दिलात, हरकत नाही. तुमची तक्रार थोडक्यात अशी: मळ्यात उभा असलेला जुना अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घरच्या घरी बाहेरून नीट करायला काढलात, आमच्याकडे सिलिकॉनच्या नळ्या आणि रेड ऑक्साईड (रंगाआधी लोखंडाला मारायचा तांबडा प्रायमर) मागितलं. आम्ही ते न देता महागाची ब्युटाइल टेप (जोडात भरायची मऊ चिकट पट्टी), एच (etch) प्रायमर आणि मास्क "गळ्यात मारला". खिडक्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्या काढायला सांगून "काम वाढवलं". आणि एवढं करून रंग सुटला तो सुटलाच. शिवाय धुळ्यात आमच्यापेक्षा चांगली दुकानं आहेत. ती आहेत, त्यावर वाद नाही. बाकीच्यावर बोलतो, कारण हा रिव्ह्यू वाचून उद्या आणखी कुणी अ‍ॅल्युमिनियमवर रेड ऑक्साईड फासायला नको.

आधी तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. रंगाचे पापुद्रे खापरावरच्या मांड्यासारखे सुटलेत, खरं आहे. पण कुठे? कोपऱ्याच्या पट्टीपासून वीतभर अंतरात. पत्र्याच्या मधल्या भागात तोच प्रायमर आहे, तोच रंग आहे, आणि तिथे एक टवका उडालेला नाही. पट्टीच्या वर सिलिकॉनची चकचकीत रेघ दिसते. ते आमच्याकडचं नाही. पट्टीच्या स्क्रूंच्या खाचांत जुना हिरवा रंग जसाच्या तसा भरलेला आहे. म्हणजे तो स्क्रू फिरलेलाच नाही, पट्टी निघालेलीच नाही, आणि आमची ब्युटाइल टेप अजून तुमच्या घरी डब्यात असावी.

सिलिकॉनशी आमचं वैर नाही. बाथरूमच्या काचेला लागतं तेवढं घेऊन जा. पण त्याच्यावर रंग धरत नाही, त्याच्यावर दुसरं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. त्याचा नुसता ओशटपणा पत्र्यावर राहिला तरी रंग तिथे गोल खळगे करून मागे सरकतो. पॉलिश पेपर आधी मारला तर आणखी वाईट, तो ओशटपणा सगळ्या पत्र्याभर पसरतो. नुसत्या थिनरने वाळलेलं सिलिकॉन विरघळत नाही. ते प्लास्टिकच्या पातीने खरवडून काढायचं, सिलिकॉन रिमूव्हरने पुसायचं, फडकं दर वेळी नवीन घ्यायचं आणि मग पेपरला हात लावायचा.

आता पट्ट्या का काढायला सांगितल्या ते. अशा ट्रेलरला आत लाकडी सांगाडा असतो, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पन्हळी पत्रा, आणि दोन पत्रे जिथे भेटतात तिथे कोपऱ्याची पट्टी. पट्टीखालची मूळ पुट्टी काही दशकांत वाळून खडू होते. पाणी तिथून आत शिरतं. तुम्ही वरून सिलिकॉन ओढलंत की बाहेरून सगळं छान दिसतं, पण दुसऱ्या एखाद्या फटीतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही, आणि लाकूड आतल्या आत कुजत राहतं. पट्टी काढल्याशिवाय ते लाकूड दिसत नाही. दाभण टोचून बघायचं. जोर न लावता आत गेलं तर तेवढा तुकडा बदलायचा. लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर ओल्या लोखंडाच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय असं समजा. तिथे स्टेनलेसचे स्क्रू घ्या.

त्यात आपलं खानदेशचं ऊन. मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, उन्हातला पत्रा त्याच्या कितीतरी वर. पौषातल्या पहाटे तोच पत्रा १० अंशांवर. पाच मीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियम ५० अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटरहून जास्त वाढतं. खालचं लाकूड तेवढं वाढत नाही. जोड सतत इकडेतिकडे सरकत असतो, म्हणून तिथे कधीच कडक न होणारं काहीतरी लागतं. ब्युटाइल टेप तशी असते. एसटीच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम बॉडीवर हात बसलेल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, जोडाबद्दल तो हेच सांगेल.

रेड ऑक्साईड लोखंडासाठी आहे. अ‍ॅल्युमिनियम घासलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साईडचा पातळ थर येतो आणि साधा प्रायमर त्यावर नुसता बसतो, चिकटत नाही. एच प्रायमरमधलं आम्ल पत्र्याला किंचित खातं आणि पकड धरतं. घासलं त्याच दिवशी मारायचा, एकच पातळ हात. आणि त्याच्यावर थेट लांबी (खड्डे भरायचा लगदा) भरायची नाही, हे काउंटरवर सांगितलं होतं, पुन्हा सांगतो.

मास्कवर तुम्ही हसलात, त्यावर मात्र मला राग आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. तुमच्या अमेरिकी ट्रेलरचा मूळ रंग १९७८च्या आधीचा दिसतो, म्हणजे त्यात शिसं असू शकतं. त्याखाली पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर असेल तर त्यातला क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतो. तो कोरडा घासायचा नाही, पाणी मारून वॉटर पेपरने घासायचा, आणि मुलांना तिथे खेळू द्यायचं नाही. मास्कमध्ये आम्हाला किती सुटतं ते विचारू नका, चहाचे पैसे निघत नाहीत.

आता पुढचं. मृग लागायच्या आत कोपऱ्याच्या पट्ट्या काढा, खिडक्या सध्या राहू द्या. काम सकाळी करा, दुपारी पत्र्याला हात लागत नाही आणि रंग गनमधून निघता निघता वाळतो. सुटलेला वीतभर पट्टाच पुन्हा करायचा आहे, पूर्ण ट्रेलर खरवडू नका. तेवढ्यापुरता एच प्रायमर आणि रिमूव्हर मूळ खरेदीच्या दराने देतो, जुनं बिल नसलं तरी चालेल. पट्ट्या बसल्या की पाईपने हलकं पाणी मारा, खालून सुरुवात करून वर जा, आत टॉर्च घेऊन कुणाला तरी बसवा. वरून सुरू केलं तर नेमकी फट कुठली ते कळत नाही. तरीही गळालं तर दुकानात फोन करा, मिस्त्रीला घेऊन मी मळ्यावर येतो.